मुलगा एक, फॉर्म दोन, आणि आकडे जुळेनात

तिसरं_गेट

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबण लागणार, सांभाळून घ्या.

मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. घरी मराठी, बेळगावातली शाळा इंग्रजी माध्यमाची, कन्नड दुसरी भाषा. गेलं वर्षभर डायरीत लाल शाईचे शेरे येताहेत. वर्गात उठून फिरतो, मधल्या सुट्टीत ढकलाढकली करतो, बाईंनी ‘बस’ म्हटलं की ‘का बसू?’ विचारतो. शेवटी शाळेने सांगितलं, डॉक्टरांना दाखवून या. डॉक्टर त्याच्याशी अर्धा तास छान बोलले आणि आमच्या हातात कागद दिले. आईवडिलांसाठी ५५ प्रश्न, वर्गशिक्षिकेसाठी ४३. मुलाचं लक्ष आणि वागणं तपासणारा व्हँडरबिल्ट नावाचा फॉर्म आहे. लक्षणांच्या प्रत्येक प्रश्नापुढे ० ते ३ : कधीच नाही, अधूनमधून, बऱ्याचदा, फारच वेळा. दोघांनी वेगवेगळे भरा, एकमेकांचा बघू नका, असं बजावलं.

मी भरला बुधवारी रात्री साडेदहाला. त्या दिवशी त्याने डबा भिंतीवर फेकला होता आणि आजीला ‘तू गप’ म्हणाला होता. यजमानांनी भरला रविवारी सकाळी, झोपाळ्यावर बसून, चहा पीत.

१९ ते २६ हे आठ प्रश्न हट्ट, उलट उत्तरं, चिडचिड, डूख धरणं यांचे आहेत. त्यात चार ठिकाणी २ किंवा ३ पडले की तो गट लागू धरतात. माझ्या कागदावर सहा ठिकाणी पडलेत. यजमानांच्या कागदावर एका. म्हणजे माझ्या कागदावर माझ्या मुलाला विकार आहे आणि त्याच्या बापाच्या कागदावर नाही! बाईंच्या कागदावर तर चंचलपणाच्या नऊच्या नऊ प्रश्नांना ३, वरून खाली एक सरळ रेघ.

तीन दिवस घरात अबोला. त्यात सासूबाईंनीही फॉर्म मागितला. मी वाचत गेले, त्या सांगत गेल्या. सगळीकडे ‘कधीच नाही’. शेवटी म्हणाल्या, ‘त्याच्या बापाचा फॉर्म असता तर सगळीकडे तीन लिही म्हटलं असतं.’

विचारायचं एवढंच, की खरं कुणाचं धरायचं? कागद परत द्यायला दहा-बारा दिवस आहेत. आणि खरं सांगायचं तर मला वाटायला लागलंय की मीच पोरावर डूख धरून बसलेय.

जुना_शहापूरकर

कसले फॉर्म ओ ताई? आमच्या गल्लीत घरटी एक वांड पोर असायचं. मी स्वतः मास्तरांच्या सायकलची हवा सोडलेली आहे, आज बँकेतून निवृत्त होऊन पेन्शन खातोय. पोरगं आठ वर्षांचं आहे, हुंदडणारच. डॉक्टरांकडे नेलं की काहीतरी निघणारच की.

निपाणीकरीण

काका, तुम्ही पेन्शन खाताय हे चांगलंच आहे. तुमच्याच गल्लीतलं जे पोर सातवीत शाळा सोडून गेलं, ते या धाग्यावर लिहायला यायचं नाही.

मलप्रभाकाठ

खानापूर भागात विशेष शिक्षिका म्हणून फिरते. डॉक्टर नाही, निदान करत नाही, पण असे फॉर्म ढिगाने पाहिलेत. त्यामुळे थोडं सविस्तर.

पहिलं म्हणजे तुमच्या घरात काही जगावेगळं घडलेलं नाही. एकाच मुलाबद्दल दोन माणसांनी भरलेले आकडे कितपत जुळतात, यावर १९८७ मध्ये आखेनबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११९ अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला होता. शून्य म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे तंतोतंत. आई आणि वडील, म्हणजे एकाच घरातली दोन माणसं, सरासरी ०.६० च्या आसपास. घर आणि शाळा अशी वेगवेगळ्या ठिकाणची माणसं घेतली की ०.२८. २०१५ मध्ये ३४१ अभ्यासांचा हिशेब पुन्हा झाला, तरी एकूण सरासरी ०.२८ च निघाली. मधल्या काळात फॉर्म सुधारले, छपाई सुधारली, माणसं तीच.

दुसरं, बाईंच्या त्या सरळ रेघेबद्दल. १९९३ मध्ये अॅबिकॉफ यांच्या गटाने शिक्षकांना चित्रफिती दाखवल्या. एकीतला मुलगा चंचल आणि लक्ष नसलेला, पण उद्धट नाही. दुसरीतला उद्धट, उलटून बोलणारा, पण चंचल नाही. पहिल्या मुलाला शिक्षकांनी बरोबर ओळखलं. दुसऱ्याला मात्र उद्धटपणाचे गुण दिलेच, वर न दिसलेल्या चंचलपणाचेही दिले. उलट्या दिशेने ही गल्लत झाली नाही, म्हणजे नुसत्या चंचल मुलाला कुणी उद्धट ठरवलं नाही. आपल्याकडे म्हणतात ना, एकदा नाव पडलं की पडलं. तुमचा मुलगा ‘का बसू?’ विचारतो, ते बाईंना लागतं, आणि मग तो किती वेळा उठला हे मोजलं जात नाही, तो उठतोच असं धरलं जातं. बाई खोटं लिहीत नाहीत. चाळीस पोरांच्या वर्गात माझंही तेच झालं असतं.

तिसरं, तुमचा बुधवार. फॉर्मच्या माथ्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं : गेल्या सहा महिन्यांचा विचार करून भरा. आणि मुलाच्या वयाला काय शोभतं हे लक्षात घेऊन भरा. तुम्ही त्या रात्री सहा महिने लिहिलेत की बुधवार लिहिलात?

तिसरं_गेट

बुधवारच लिहिला, मलप्रभाताई. खोटं का बोलू? ‘वयाला शोभेल असं’ म्हणतात ते तर डोक्यातही नव्हतं. माझ्या नजरेसमोर मोठी मुलगी होती. ती या वयात शाळेतून आली की हातपाय धुऊन, दप्तर जागेवर ठेवून गृहपाठाला बसायची.

जुळ्यांची_आई

इथे मला बोललंच पाहिजे. माझी दोघं मुलगेच, पण एकसारखी नाहीत. लहानपणापासून आमच्या घरी ‘हा शांत, तो वाघ’ असं वाटप होऊन गेलंय. एकदा शांत म्हणवणारा आठवडाभर आजोळी राहिला. तिकडून माझ्या आईचा फोन : अगं, ह्याने माझी तुळस उपटली!

मग वाचलं, तर जुळ्यांच्या संशोधनात हे जुनं दुखणं निघालं. चंचलपणाबद्दल आईवडिलांना विचारलं तर एकसारख्या जुळ्यांचे आकडे छान जुळतात, पण न सारख्या जुळ्यांचे इतके कमी जुळतात की निम्मी जनुकं समान असताना एवढा फरक पडायला नको. आईबाप एकाला दुसऱ्याशेजारी उभं करून मोजतात, म्हणून एक जास्त काळा दिसतो आणि दुसरा जास्त गोरा. शिक्षकांच्या आकड्यांत हा दोष तितका दिसत नाही. ताई, तुमच्या लेकीला फॉर्ममधून जरा बाहेर काढा.

उद्यमबागवाला

बापाची बाजू कुणी घेत नाही म्हणून लिहितो. मी फाउंड्रीत आहे. घरी येतो नऊला, तोवर माझा पोरगा जेवून पांघरुणात. मला दिसतो तो रविवारचा पोरगा. रविवारी गृहपाठ नाही, शाळेची रिक्षा नाही, दुपारी क्रिकेट आणि संध्याकाळी कॅम्पातलं आइस्क्रीम. मी फॉर्म भरला तर माझं पोरगं देवमाणूस निघणार. तुमच्या यजमानांनी लबाडी केली नसेल, त्यांनी रविवार भरला. तुम्ही बुधवार भरला. मधले पाच दिवस कुणी भरले?

मलप्रभाकाठ

उद्यमबागवाले, मला अर्धा तास लागला असता ते तुम्ही चार ओळींत लिहिलंत.

पण एक भर घालते, नाहीतर ‘आईच वाढवून सांगते’ असं सगळ्यांचं मत व्हायचं. हट्टी-विरोधी वर्तनाच्या विकारात लक्षणं एकाच ठिकाणी दिसू शकतात आणि ते ठिकाण बहुतेक वेळा घरच असतं. २०१३ च्या अमेरिकन निदान-पुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलंय. एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न लागण्याच्या आणि चंचलपणाच्या विकाराचं, तसं नाही, तिथे दोन ठिकाणी लक्षणं दिसावी लागतात. तेव्हा वडिलांना आणि शाळेला दिसलं नाही म्हणून आईचं खोटं, असं होत नाही. पोर जिथे सगळ्यात निर्धास्त असतं तिथेच फुटतं.

निपाणीकरीण

माझं सांगू का? हे मी कुठे लिहीत नाही, पण इथे टोपणनाव आहे.

धाकटीच्या बाळंतपणानंतर वर्षभर मी बरी नव्हते. झोप नाही, रडू येतंय, दार बंद करून बसावंसं वाटायचं. त्या वर्षात थोरल्याचा असाच एक फॉर्म भरला. इतके मोठे आकडे आले की डॉक्टर माझ्याकडेच बघत राहिले. मग मला विचारलं, तुम्ही कशा आहात? आधी पाच मिनिटं राग आला, मग तिथेच रडले. मला उपचार मिळाले, आठ-नऊ महिन्यांनी तोच फॉर्म पुन्हा भरला. आकडे निम्म्यावर आले. पोरगा बदलला की मी बदलले, आजवर कळलेलं नाही.

पुणेस्थित_बेळगावकर

याला ‘डिप्रेशन-डिस्टॉर्शन’ म्हणतात. उदास आईला पोराचं वागणं असतं त्यापेक्षा वाईट दिसतं. सिद्ध झालेली गोष्ट आहे.

मलप्रभाकाठ

इतकी सिद्ध नाही, पुणेकर. १९९२ मध्ये रिक्टर्स यांनी तोवरचे अभ्यास तपासले आणि म्हटलं की उदास आया वाढवून सांगतात असा निष्कर्ष काढण्याइतका भक्कम पुरावा बहुतेकांत नाही. आईचे आकडे चुकले हे म्हणायला बरोबर आकडा आधी हातात हवा, तो कुठून आणणार? नंतरच्या अभ्यासांत परिणाम दिसला, पण लहान. शिवाय आई वर्षभर आजारी असली तर पोर खरंच जास्त चिडकं होऊ शकतं. मग तिने लिहिलेला मोठा आकडा चूक कसा?

निपाणीताई, तुमच्या डॉक्टरांनी मुलाच्या फॉर्मवरून तुमची चौकशी केली हे फार चांगलं केलं. बहुतेक ठिकाणी आकड्यांची बेरीज होते आणि आईला घरी पाठवतात.

जुना_शहापूरकर

निपाणीच्या ताई, सकाळचं माझं बोलणं हलकं झालं. राग नसावा.

तीन_भाषांचा_मास्तर

सरकारी कन्नड शाळेत शिकवतो, घरची भाषा मराठी. सगळे आईबापांवर आणि बाईंवर बोलताहेत, फॉर्मच्या भाषेवर कुणी बोलत नाही.

फॉर्म इंग्रजीत असतो. आई तो मराठीत समजून घेते, शिक्षक कन्नडमध्ये. ‘बऱ्याचदा’ला माझ्या डोक्यात ‘आगाग्गे’ येतं, आणि आगाग्गे म्हणजे माझ्या कानाला नुसतं अधूनमधून. झाला की एका घराचा फरक! मोठ्यांशी वाद घालतो का, असा प्रश्न असतो. आमच्यात ‘का?’ विचारलं तरी उलट बोलला म्हणतात. एकत्र कुटुंबात वाढलेल्या आईचा ३ आणि दोघांच्याच संसारातल्या आईचा १, पोर एकसारखंच असू शकतं. उलट माझे कन्नड सहकारी पोराला ‘तुंबा तुंट’, म्हणजे फार खोडकर, म्हणतात तेव्हा त्यात निम्मं कौतुक असतं. आपल्या ‘द्वाड’मध्येही असतं. तोच शब्द फॉर्मवर आला की कौतुक गळतं आणि आकडा उरतो.

आता मुद्द्याचं. ‘सांगितलेलं पुरं करत नाही’ या प्रश्नापुढे कंस आहे, तो कुणी वाचत नाही. त्यात लिहिलंय, नकार दिल्यामुळे किंवा न समजल्यामुळे नव्हे. न समजल्यामुळे नव्हे! आपल्या भागात हा कंस सोन्याचा आहे. पोर घरी मराठी बोलतं, वर्गात सूचना इंग्रजीत, आणि २०१५ च्या कायद्यानंतर कन्नडही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकावीच लागते. मी स्वतः पाहिलंय, एका पोराला चार महिने ‘लक्ष नाही’ म्हणून मागच्या बाकावर बसवलं होतं. त्याला ‘पुटा तेरी’ म्हणजे पान उघड, हेच कळत नव्हतं. शेजारचा उघडायचा तेव्हा हा उघडायचा, म्हणून कायम मागे.

भाषेवरून इथे भांडण नको, ते करायला दुसरे धागे आहेत. तिन्ही भाषा पोराच्या भल्याच्याच आहेत. पण फॉर्म भरताना तेवढा कंस वाचा.

उद्यमबागवाला

मास्तर, मानलं ओ.

पुणेस्थित_बेळगावकर

मास्तरांच्या मुद्द्याला जोड. १९९२ मध्ये चीन, इंडोनेशिया, जपान आणि अमेरिका इथल्या तज्ज्ञांना आठ वर्षांच्या त्याच चार मुलांच्या चित्रफिती दाखवल्या. चिनी आणि इंडोनेशियन तज्ज्ञांनी जपानी आणि अमेरिकन तज्ज्ञांपेक्षा जास्त गुण दिले. ही सगळी शिकलेली, याच कामातली माणसं. तिथे आपण आईबाप काय चीज?

आणि मुलाचा जन्म कोणत्या महिन्यातला? कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्ये नऊ लाखांवर मुलांची नोंद तपासली होती. तिथे प्रवेशाची सीमा ३१ डिसेंबर. डिसेंबरात जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सगळ्यात लहान असलेल्या मुलग्यांना जानेवारीतल्यांपेक्षा ३० टक्के जास्त वेळा एडीएचडीचं निदान झालं. मुलींमध्ये ७० टक्के. अकरा महिन्यांनी लहान असणं हाच आजार ठरला म्हणायचा.

तिसरं_गेट

मे अखेरचा आहे हो. वर्गात सगळ्यात लहान, घालताना आम्हीच घाई केली. आता हेही माझ्याच डोक्यावर.

जुळ्यांची_आई

डोक्यावर काही घेऊ नका. फॉर्म शाळेत दाखवणार आहात का डॉक्टरांकडेच राहणार, ते सांगा. आमच्या ओळखीत एकांनी ‘शाळेने बघितलं तर दाखला हातात देतील’ म्हणून सगळीकडे शून्य टाकलं. दुसऱ्यांना मदत हवी होती, त्यांनी सगळीकडे तीन. कागद कुणाच्या हातात पडणार यावर पेन चालतं.

अनगोळची_मावशी

सगळं मुलग्यांवरच चाललंय. माझी भाची वर्गात खिडकीबाहेर बघत बसायची, कुणाला त्रास नाही, म्हणून कुणी फॉर्मच दिला नाही. आठवीत गणितात आपटली तेव्हा सगळे जागे झाले. आणि घरात एकदा मोठ्याने बोलली तर ‘मुलगी असून!’ म्हणून तिला तीन. भाऊ रोज ओरडतो, त्याला एक.

मलप्रभाकाठ

मावशी, यावर वेगळा धागा काढा, मी येते.

तिसरं गेट, आता कामाचं. फॉर्म खोडू नका, तसेच ठेवा. एक साधी वही घ्या. प्रत्येक भांडणाच्या तीन गोष्टी लिहा : आधी काय चाललं होतं, त्याने नेमकं काय केलं, नंतर तुम्ही काय केलंत. वेळ लिहा. ‘उद्धटपणा केला’ असं लिहू नका, ‘पेन्सिल फेकली’ असं लिहा. चांगला गेलेला दिवसही लिहा, तो लिहायचाच राहतो. यजमानांना निदान दोन दिवस साडेसातला घरी यायला सांगा. त्यांनीही स्वतःची वही करायची. दहा दिवस पुरे.

तिसरं_गेट

मंडळी, बारा दिवसांनी येतेय. वही केली.

दहा दिवसांत १७ भांडणं. मला वाटलं होतं पन्नास तरी निघतील. १७ पैकी १२ संध्याकाळी सात ते साडेआठच्या मधे, गृहपाठाला. त्या १२ पैकी ९ कन्नडच्या वहीवर. दोन सकाळी रिक्षा हॉर्न वाजवते तेव्हाची. उरलेल्या तिनांतली एक माझी चूक होती, लिहूनच टाकते : त्याने खरंच पाणी सांडलं नव्हतं. आणि तीन दिवस असे, की ज्यांच्यापुढे काहीच नाही. ते तीन दिवस मला आठवतही नव्हते, वहीत आहेत म्हणून कळले.

यजमान दोन दिवस लवकर आले. पहिल्या दिवशी त्यांनीच कन्नड घेतलं. सव्वासातला बसले, साडेसातला यांचाच आवाज चढला. वहीत त्यांनी लिहिलंय : ‘मी ओरडलो. त्याने पुस्तक ढकललं. मी परत ओरडलो.’ अबोला तिथेच संपला.

फॉर्म पुन्हा भरले, सहा महिने आठवून, लेकीला बाजूला ठेवून, कंस वाचून. हट्टाच्या आठ प्रश्नांत माझे सहाचे तीन झाले, यजमानांचे एकाचे दोन. पण लक्ष नसण्याच्या नऊ प्रश्नांत मी सात ठिकाणी २ किंवा ३ दिले, यांनी सहा. तिथे सहा लागतात. म्हणजे नुसता आमचा भ्रम होता असंही नाही. शहापूरकर काका, हे तुमच्यासाठी.

डॉक्टरांनी जुने-नवे चारही कागद ठेवून घेतले, पण वही जास्त वेळ वाचली. औषधाचं आत्ता काही बोलले नाहीत. कानाची तपासणी सांगितली, बाईंशी फोनवर बोलतो म्हणाले, आणि कन्नडपुरती वेगळी शिकवणी लावून महिनाभर बघा म्हणाले. एकदा धारवाडला डिमहान्समध्येही, म्हणजे तिथल्या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेत, दाखवून या, असं सुचवलं.

सासूबाईंचा फॉर्मही दिला. डॉक्टरांनी तो फाईलला लावला, टाकून दिला नाही. म्हणाले, या घरात एक माणूस पूर्ण त्याच्या बाजूचं आहे, हे मला माहीत असायला हवं.

जुना_शहापूरकर

कन्नडची शिकवणी कुठे लावताय? माझी सून शिकवते, वडगावात. मारत नाही, ओरडत नाही. पैशाचं नंतर बघू.

तिसरं_गेट

काका, व्यक्तिगत निरोप करते. धारवाडला कुणी जाऊन आलंय का अलीकडे? गाडी करावी की बसनेच जावं?

तीन_भाषांचा_मास्तर

बसनेच जा, पाऊणशे किलोमीटर तर आहे. नोंदणीला रांग असते म्हणून सकाळी लवकर निघा. सगळ्या कागदांची झेरॉक्स घरी ठेवा, वही मूळची न्या. आणि पोराला खिडकीची जागा द्या.